भट्टीवालीचं नाक आणि रोझमेरीची कुंडी

माझ्या बायकोच्या नाकाला मी चौतीस वर्षं घाबरून आहे. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात कामावरून येताना मी मित्राकडे थांबलो, एक सिगारेट ओढली, वर तीन लवंगा चावल्या, चूळ भरली आणि साळसूदपणे घरी आलो. दारात चपला काढतोय तोवर ही मागच्या खोलीतून म्हणाली, "लवंगा कशाला खाल्ल्या?" मधे एक अख्खी खोली आणि एक पडदा. मी म्हटलं, दाढ दुखतेय. ती म्हणाली, "सिगारेटने दुखत असेल." त्या दिवशी मी कानाला खडा लावला. तो पुढे अधूनमधून गळून पडला, ते सोडा.

ही बेकरीत काम करते. तिथे तिला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे भट्टीवाली म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी ती पाव कागदात गुंडाळायला म्हणून लागली होती. भट्टीवर तेव्हा एक म्हातारी होती, कमी बोलणारी, कुणाला जवळ फिरकू न देणारी. ही भट्टीकडे पाठ करून पाव गुंडाळायची आणि मधेच म्हणायची, "खालच्या फळीवरचे झाले." म्हातारीने तीनदा ऐकून घेतलं. चौथ्यांदा तिने हिचा दंड धरला आणि भट्टीपुढे आणून उभं केलं. भिंतीवर घड्याळ होतं, आजही आहे, पण ते मालकांसाठी. पाव कधी काढायचे हे म्हातारी नाकाने ठरवायची, आणि तिच्यानंतर ही.

म्हातारीने काम सोडलं तेव्हा हिला निरोपाचं काय दिलं असेल, तर रोझमेरीची, त्या उग्र वासाच्या विलायती झुडपाची, एक फांदी. वीतभर. हिने घरी आणून तिची खालची पानं ओरबाडली, निम्मी वाळू घातलेल्या मातीत ती खोचली, वर काचेची बरणी उपडी घातली आणि कुंडी सावलीत ठेवली. मी म्हटलं, काडी पुरून झाड येतं होय? पाच आठवड्यांनी तिला शेंड्याला नवी पानं आली आणि मी तोंड मिटलं. पुढे ती मोठ्या मातीच्या कुंडीत गेली, मागच्या अंगणात भिंतीलगत, जिथे दिवसभर ऊन असतं. बावीस वर्षं ते झाड तिथे होतं. माझ्या कमरेपर्यंत आलं होतं.

त्या झाडाचा घरात उपयोग काय, असं विचारलंत तर मी म्हणेन, काय नाही ते विचारा. भाजलेल्या बटाट्यांत ते, तेलाच्या बाटलीत त्याची काडी, कपड्यांच्या कपाटात पुरचुंडी, आणि हिचे केस धुवून झाले की शेवटचं पाणी त्याच्याच पानांचं उकळलेलं. बेकरीत आठवड्यातून दोनदा ती रोझमेरीचा पाव करायची, त्यालाही पानं घरचीच. तोडायची ती फक्त कोवळे शेंडे. खालच्या लाकडाला कधी कात्री लावायची नाही, तिथून पुन्हा फुटत नाही म्हणे. आणि पाणी म्हणाल तर जवळजवळ नाहीच. मातीत बोट घालायची, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच तांब्याभर.

हे मला कधी पटलं नाही. मी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर होतो. सगळ्या वस्तीला सकाळ-संध्याकाळ पाणी सोडायचं, हा माझा धंदा. कुठून तक्रार आली की उत्तर एकच: पाणी कमी पडतंय, सोडा जास्त. पाणी दिल्याने कुणाचं वाईट होतं ही गोष्टच माझ्या डोक्यात नव्हती. त्यात शेजारची खोली क्लोरिनची. तीस वर्षं तो वास खाऊन माझं नाक नुसतं चष्मा टेकायला उरलंय. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला ठार मूर्ख म्हणाल. अर्धा म्हणा, चालेल.

तर या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर हिला ताप आला. साधा नाही, चांगला तीन आठवडे अंथरुणाला खिळवणारा. दहाव्या दिवशी मी औषधाची बाटली उघडली. ते औषध इतकं घाण की मलासुद्धा त्याचा वास यायचा. ही सरळ प्यायली. मग बाटली हातात घेऊन तिने नाकाशी धरली, पुन्हा धरली, आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, याला वास आहे ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला येत नाहीये." मग साबण आणला, कांदा कापून आणला, रॉकेलची बाटली आणली. कशाचाच नाही.

आठवडाभर वाट बघून डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, होतं असं तापाने, बहुतेकांचं परत येतं, कुणाचं महिन्यात, कुणाचं सहा महिन्यांत, आणि अगदी थोड्यांचं येत नाही. रोज सकाळी एखादा ओळखीचा, उग्र वास घ्या, नाकाला आठवण करून देत राहा. ही लगेच म्हणाली, "माझी रोझमेरी आहे." डॉक्टर म्हणाले, उत्तम. मी मान खाली घातली.

कारण रोझमेरी तोवर गेली होती. ताप चढला त्या दिवशी हिने मला बजावलं होतं, "कुंडीला पाणी घालू नका. मी सांगेन तेव्हाच." दोन दिवसांनी मी बघितलं तर शेंडे मान टाकून. आता तुम्हीच सांगा, ऊन मरणाचं, झाड माना टाकतंय, आणि पंपहाउसचा माणूस समोर उभा. मी बादलीभर घातलं. दुसऱ्या दिवशी शेंडे आणखी वाकले, म्हणून दोन बादल्या. खाली ताटली ठेवली, पाणी वाया जायला नको म्हणून. ऊन लागत असेल म्हणून कुंडी ओढून सावलीत नेली. दोन आठवड्यांत पानं काळपट झाली आणि हात लावला की झडायला लागली. उपटून बघितलं तर मुळं कुजून मऊ झालेली. अति तेथे माती म्हणतात, इथे तर मातीचाही चिखल झाला होता.

हिला सांगायला हवं होतं. मी रोज सकाळी सांगणार होतो. पण ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, नाक गेलेलं, आणि मी जाऊन काय सांगू, की तुझं झाडही मारलं? मी एक वाळकी फांदी खिशात घातली आणि रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेत गेलो. तिथल्या बाईंना फांदी दाखवली. म्हटलं, अगदी अशीच दिसणारी पाहिजे, एवढ्या उंचीची, पसारा असा. त्यांनी चार झाडं दाखवली. मी हुबेहूब तसंच निवडलं, सुईसारखी पानं, खालून पांढुरकी. जुन्या कुंडीत लावलं, कुंडी जुन्या जागी ठेवली, हात धुतले. आणि या वेळी पाणी घातलं नाही.

ती अंथरुणातून उठली त्या सकाळी पहिली मागच्या अंगणात गेली. दोन पानं चुरगळली, डोळे मिटून नाकाशी धरली. मी दारात उभा, पाचावर धारण बसलेली. तिने डोळे उघडले आणि नुसती मान हलवली. तिला कळलं नाही याने मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली. हे दोन्ही एकदमच झालं.

असं रोज सुरू झालं. सकाळी सहाला बेकरीत जायच्या आधी ती कुंडीपाशी उभी. पानं चुरगळायची, हुंगायची, मान हलवायची, पिशवी उचलायची. एकदा बोटं बघत म्हणाली, "हल्ली ही बोटांना चिकटत नाहीत. पूर्वी चिकटायची." मी म्हटलं, नवी पालवी आहे. एकदा म्हणाली, पानं जरा रुंद वाटतात. मी म्हटलं, हवा बदललीय. मग झाडाला फुलं यायला लागली ती पांढरी. पूर्वी निळसर यायची. मी मनात म्हटलं, असेल दुसऱ्या रंगाची जात. आणि रोज तिच्या आधी उठून मी फुलं खुडायला लागलो. एक खोटं निभवायला माणूस किती लवकर उठतो ते मला तेव्हा कळलं.

बेकरीत तिने कुणाला सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात दोन ट्रे करपले. तिच्या हातून, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी तापाचा अशक्तपणा समजून सोडून दिलं. त्यानंतर ती घड्याळ बघायला लागली. पावाचा रंग बघायची, उलटा करून बुडावर टिचकी मारून आवाज ऐकायची. पाव नीट निघत होते, पण ती घरी यायची ती दमून गळालेली. रोझमेरीचा पाव तर तिने बंदच केला. "जे मला कळत नाही ते मी भट्टीत घालणार नाही," म्हणाली. घरात बोलणं कमी झालं. पूर्वी दिवसातून दहादा नाक मुरडायची, हे शिळं, ते दमट, तुमच्या टोपीला धूर लागलाय. आता काहीच नाही. एकदा मी सिगारेट ओढून सरळ तिच्या शेजारी येऊन बसलो. चौतीस वर्षांत असा निर्धास्त कधी बसलो नव्हतो. पाच मिनिटांत मला रडू यायला लागलं, मी उठून बाहेर गेलो.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता थांबली. "तुम्ही सिगारेट ओढलीत?" मी ओढली होती. अर्धीच, पण ओढली होती. आणि माझं तोंड काय म्हणालं? तोंडाला चौतीस वर्षांची सवय. म्हणालं, "छे, मी कुठली ओढतोय." ती म्हणाली, "मला वाटलं वास आला." मग सुरी ठेवून अंगणात गेली. परत आली तेव्हा हाताला हिरवा चुरा होता. "नाही," म्हणाली. "रोझमेरीचा येत नाही, तर सिगारेटचा कुठून येणार. भास होतायत मला."

आठवड्याने पुन्हा तेच. पुन्हा तिने विचारलं, पुन्हा मी छे म्हटलं. बेकरीतही कधी खमिराचा, कधी भाजल्याचा वास आल्यासारखा व्हायचा तिला. पण ती म्हणायची, भट्टीत काय आहे हे मला माहीतच असतं, डोकं आपलं आठवणीतून वास काढतं. खरं-खोटं ठरवायला ती सकाळी कुंडीपाशी जायची. आणि कुंडी रोज नाहीच म्हणायची.

त्याच सुमाराला मालकांनी नवी दुप्पट मोठी भट्टी घेतली. पुढच्या महिन्यापासून जुनी-नवी दोन्ही हिच्या हाताखाली, असं सगळ्यांसमोर सांगितलं. हाताखाली दोघी शिकाऊ बायका येणार, त्यांना वास शिकवायचा. ही घरी आली आणि खुर्चीत बसून राहिली. "मी त्यांना काय शिकवू? घड्याळ बघायला?" मग शांतपणे म्हणाली, "शेवटच्या शनिवारपर्यंत वाट बघते. त्या सकाळीही रोझमेरीचा वास नाही आला, तर मालकांना खरं सांगते आणि भट्टी सोडते. मला परत गुंडाळायला बसवा म्हणते." मी म्हटलं, अगं, घाई कशाला. ती म्हणाली, "फसवून उभं राहणं मला जमत नाही हो." फसवून उभं राहण्यात त्या घरात माझा हात कुणी धरला नसता.

शेवटचा शनिवार आला. सहाला ती कुंडीपाशी गेली. या वेळी तिने दोन पानं नाही, अख्खा शेंडा तोडला, दोन्ही तळव्यांत चोळला आणि चेहरा हातांत बुडवून उभी राहिली. बराच वेळ. मग हात खाली आले. "दुसरा घाणा निघाला की मालकांशी बोलते," एवढंच म्हणून ती गेली. दुसरा घाणा साडेअकराला निघतो.

दहाच्या सुमाराला माझी थोरली बहीण आली, आक्का. तिला सगळे भितात, मीही. तिने हिच्या नाकाची चौकशी केली, मला दोन शब्द सुनावले, कशाबद्दल ते विचारू नका, तिला कारण लागत नाही. मग केस धुवायला म्हणून रोझमेरी तोडायला मागे गेली. लगेच तिची हाक. "अरे, ही कुठली रोझमेरी?"

मी म्हटलं, हीच की. आक्काने तोडलेली डहाळी माझ्या नाकाशी आणली. "हुंग." मी हुंगली. म्हटलं, मला कशाचाच येत नाही, क्लोरिन. तिने कपाटातली जुनी पुरचुंडी आणली, गेल्या वर्षीची, वाळून कोळ झालेली. "आता ही हुंग." माझ्या त्या मेल्या नाकातसुद्धा काहीतरी झोंबलं. आक्का म्हणाली, "हिला वासच नाहीये. गवताला जास्त असेल. कुणी दिलं हे ध्यान?"

मी तिथेच पायरीवर बसलो. मला एकेक आठवायला लागलं. बोटांना न चिकटणारी पानं, पांढरी फुलं, आणि ती सिगारेट. दोनदा विचारलं होतं तिने. दोन्ही वेळा ओढली होती मी. म्हणजे तिला वास येत होता. तिसऱ्या महिन्यापासून येत होता. तिचं नाक परत आलं होतं, आणि ती रोज सकाळी एका बिनवासाच्या झाडाला विचारत होती, आणि ते नाही म्हणालं की संध्याकाळी मी नाही म्हणत होतो. आक्का विचारत होती, अरे काय झालं, पांढरा का पडलास. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

रोपवाटिकेपर्यंत मी जवळजवळ पळालो. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ती वेगळी. कुंपणाला लावतात. दिसायला तशीच, पण वास नाही तिला." मी म्हटलं, मग मला दिलीत का? त्या म्हणाल्या, "तुम्ही अशी दिसणारी मागितलीत. वासाचं तुम्ही काढलंच नाही." यावर मी काय भांडणार. त्यांनी आतून खऱ्या रोझमेरीच्या चार फांद्या कापून दिल्या. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पिशवीत टाकल्या, पिशवीचं तोंड वळकटी करून मुठीत धरलं आणि निघालो. साठी उलटलेला माणूस भर रस्त्यात पळताना बघून लोक बाजूला होत होते. काहींना वाटलं असेल कुठे आग लागलीय.

बेकरीच्या मागच्या दाराने शिरलो. आत धग, पिठाचा धुरळा, चार बायका टेबलाशी. ही पलीकडे नळाखाली ट्रे घासत होती, दाराकडे पाठ. अंगावर भट्टीचा जाड एप्रन नव्हता. तो खुंटीला होता, नीट घडी घालून. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा उलटून गेले होते. मी ओळखलं, हिने सांगून टाकलं.

मी दोन पावलं टाकली असतील, पिशवी तशीच मुठीत. तिचा हात थांबला. नळ चालूच. ती न वळता म्हणाली, "रोझमेरी कुणी आणली?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, कुणी नाही, आज कुठली रोझमेरी. ही म्हणाली, "आहे. ताजी तोडलेली आहे, चीक आहे तिला." आणि वळली. मी समोर. घामाने निथळलेला, श्वास लागलेला, हातात पिशवी. मी पिशवी उघडून फांद्या तिच्यापुढे धरल्या. तिने त्या घेतल्या नाहीत. आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी सगळं सांगितलं. तिथेच, चार बायकांसमोर, नळ तसाच वाहत असताना. पाणी घातलेलं, मुळं कुजलेली, दुसरं झाड, खुडलेली फुलं, सगळं. बायका तोंडात बोटं घालून ऐकत होत्या. ती मधे एकदाच बोलली. "आणि सिगारेट?"

"ओढली होती."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

तिने हात पुसले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "मला वास आला होता," ती म्हणाली. "चांगला आला होता. पण मी म्हटलं, नाक गेल्यावर तरी हे माझ्याशी कशाला खोटं बोलतील, माझंच नाक खोटं बोलतंय. तुमच्या शब्दावर मी माझं नाक खोटं ठरवलं."

मग तिने माझ्या हातातल्या फांद्या घेतल्या, पिठाच्या पोत्यावर बसली, तोंड त्यांत खुपसलं आणि हुंदके द्यायला लागली. एका बाईने नळ बंद केला. दुसरी म्हणाली, रडू नकोस गं. ही पानांतूनच म्हणाली, "रडू दे. तीन महिन्यांचं आहे." आणि रडता रडता तिला हसू फुटलं, कारण नाक चोंदलं होतं आणि आता खरंच वास येत नव्हता.

आवाज ऐकून मालक आले. ते आधीच घुश्शात होते, तीन महिने लपवून ठेवलं म्हणून. आता हे नवीन ऐकून त्यांना खरंखोटं कळेना. व्यवहारी माणूस. हिचं नाक मोकळं होईपर्यंत थांबले, मग आतून लोण्याचे दोन डबे आणले, दिसायला सारखे. झाकणं काढून ठेवले. "सांगा बाई, यातलं कुठलं आधी वापरायचं?" तिने पहिल्यावर वाकून बघितलं, दुसऱ्यावर वाकली. "हे आधी वापरा," म्हणाली. "आणि हे वापरूच नका, कालपासून खवट झालंय." मालकांनी तो दुसरा डबा स्वतःच्या नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला, कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना काही कळल्याचं दिसलं नाही. पण बोटाने चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग खुंटीवरचा एप्रन काढून टेबलावर ठेवला. "तिसरा घाणा लावायचाय," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले.

मी बाहेर बाकावर बसलो. चारला ती बाहेर आली. घरापर्यंत चालताना दर दहा पावलांवर थांबत होती. एका घराच्या कुंपणाशी थांबली, एका दुकानाच्या दाराशी थांबली, ओल्या भिंतीजवळ थांबली. मी दोन पावलं मागे.

घरी आल्यावर ती मागच्या पायरीवर बसली. आक्काने चहा केला, तो घेतला. मग म्हणाली, "पलीकडच्या घरात कुणीतरी कपडे वाळत घातलेत. साबण बदललाय त्यांनी. बघून या." मी म्हटलं, मला काय कळणार वास. "डोळे आहेत ना? जाऊन विचारा." मी गेलो, विचारलं. बदलला होता. परत येऊन म्हटलं, हो, बदललाय. ती माझ्याकडे रोखून बघत होती. "खरं?" "खरं." मग म्हणाली, कोपऱ्यावर डांबर टाकतायत. मी चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेलो. टाकत होते. मग म्हणाली, आपल्या माळ्यावर उंदीर मेलाय. मी शिडी लावून चढलो. मेला होता, चांगला दोन दिवसांचा, त्याची व्यवस्था लावली. मग म्हणाली, आक्का, तुमच्या पर्समध्ये संत्र्याची साल आहे. आक्काने पर्स पालथी केली तर तळाशी निघाली. आक्का म्हणाली, ही पोरगी मला घाबरवते, आणि घरी गेली.

दिवे लागायच्या सुमाराला ती म्हणाली, "कुणाचं तरी दूध उतू गेलंय. जळल्याचा वास येतोय."

मी आमचा ओटा बघितला. डावीकडे विचारलं, उजवीकडे विचारलं. उजवीकडच्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. कुणाचंच दूध उतू गेलेलं नव्हतं. मी परत येऊन दारात थांबलो. ती पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसली होती, वाट बघत. दिवसभरानंतर आत्ता कुठे तिचे खांदे खाली आले होते. हो म्हणायला माझं काय जात होतं. हो तोंडात आलंच होतं.

"नाही," मी म्हटलं. "तिन्ही घरं बघितली. कुणाचं उतू गेलेलं नाही. हा वास चुकला तुझा."

मी मनात म्हटलं, बसा आता बोंबलत. मग तिने बाजूला सरकून पायरीवर मला जागा केली.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे मघाची चारही खरी."

मी बसलो. ती पुढे काय विचारते म्हणून चपला पायातच ठेवल्या.